चांगल्या हेतूच्या आड लपलेला खंजीर

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस ‘कैसर’ हें नांव अपरिचित नाहीं. प्रभूच्या जन्माच्या वेळीं ज्याच्या आज्ञेनें नांवनिशी झाली तो औगुस्त कैसर होता. पौलानें ज्याच्यापाशीं दाद मागितली तोहि कैसरच. परंतु पुढें जें पदवीसारखें झालें तें नांव एका प्रसिद्ध कुळाचें होतें, आणि ज्याच्यामुळें त्या नांवास जगांत थोरवी आली तो मनुष्य आपल्या मित्रांच्याच हातून मारला गेला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. तो मनुष्य ज्यूलियस सीझर. इंग्रज ज्याला सीझर म्हणतात तोच आपल्या शास्त्रांतील कैसर. इ. स. पू. ४४ या वर्षीं मार्च महिन्याच्या १५ व्या तारखेस रोम शहरांत भर सभेंत त्याचा वध झाला. पुढें शेक्सपियर या इंग्रज कवीनें इ. स. १५९९ च्या सुमारास त्या वधावर एक शोकपर्यवसायी नाटक लिहिलें, तें इ. स. १६२३ मध्यें प्रथम छापलें गेलें. प्लूटार्क नांवाच्या ग्रीक चरित्रकाराच्या ग्रंथाचें जें भाषांतर टॉमस नॉर्थ यानें इ. स. १५७९ मध्यें प्रसिद्ध केलें होतें, त्यावरून कवीनें आपली कथा घेतली.

नाटकांतील गोष्ट घेऊन उपदेश कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर हें कीं, या नाटकांत विश्वासघात करणारा मुख्य मनुष्य दुष्ट नाहीं. चोराच्या गोष्टीवरून सज्जन सहसा बोध घेत नाहीं. कारण तो म्हणतो, मी चोर नव्हें. परंतु एक प्रामाणिक, शांत व निर्लोभी मनुष्य जेव्हां आपल्यावर प्रीति करणाऱ्याच्या अंगांत खंजीर खुपसतो, आणि तरीहि आपण धर्मकृत्यच केलें असें समजतो, तेव्हां आपण सर्वांनीं थांबून पाहिलें पाहिजे कीं हा मार्ग कोठून निघाला. त्या मनुष्याचें नांव ब्रूटस.

रोममध्यें सुमारें पांचशें वर्षें राजा नव्हता. पूर्वीच्या जुलमी राजास ज्यानें घालवून दिलें त्याच्या वंशांतील आपण, असें ब्रूटस मानीत असे. सीझर व पाँपी या दोघां सेनापतींमध्यें युद्ध झालें, तेव्हां ब्रूटस व त्याचा मेहुणा कॅशियस हे पाँपीच्या पक्षास होते. इ. स. पू. ४८ मध्यें पाँपीचा पराजय झाला, आणि सीझरानें त्या दोघांसहि क्षमा करून पुढें त्यांस मोठ्या जागा दिल्या. इ. स. पू. ४४ च्या आरंभीं सीझर हा तहहयात सर्वाधिकारी झाला. आतां हा राजमुकुट घालणार, असें भय पुष्कळांच्या मनांत उत्पन्न झालें. तें भय अगदींच निराधार होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु भय खरें असलें म्हणजे त्यावरचा उपायहि खरा असतो असें नाहीं.

आतां नाटकांतील मनुष्यांच्या अंतःकरणांत शिरून पाहूं.

पहिली गोष्ट ही कीं, विश्वासघात हा चांगल्या मनुष्याच्या घरांत त्याच्या वाईट वासनेच्या दारानें शिरत नाहीं, तर त्याच्या चांगल्या नांवाच्या दारानें शिरतो. कॅशियसाच्या मनांत मत्सर आहे. तो ब्रूटसास एकांतीं गांठून जुन्या गोष्टी सांगतो: एकदां टायबर नदींत पोहतांना सीझर बुडूं लागला व मींच त्याला वांचविलें, स्पेन देशांत त्याला ताप आला तेव्हां तो आजारी मुलीप्रमाणें कण्हत होता, आणि आज तो देव झाला आहे व आम्हांस त्याच्यापुढें वांकावें लागतें! वाचकहो, या गाऱ्हाण्यांत गरिबांवरील जुलमाचा उल्लेख कोठें आहे? माझ्यासारखाच मनुष्य माझ्याहून उंच कां बसला, हेंच त्याचें सारें दुःख. परंतु ब्रूटसापुढें तो हें दुःख उघडें ठेवीत नाहीं. त्यावर देशहिताचें पांघरूण घालतो, आणि म्हणतो कीं, डोळ्याला स्वतःस पाहतां येत नाहीं, म्हणून मी तुझा आरसा होतों.

ब्रूटस निघून गेल्यावर हाच कॅशियस एकटा असतांना काय बोलतो? ब्रूटस थोर आहे खरा, पण थोर मनासहि वांकवितां येतें. सीझराची माझ्यावर मर्जी नाहीं, पण ब्रूटसावर त्याची प्रीति आहे. मी ब्रूटसाच्या जागीं असतों तर असल्या बोलण्यानें वळलों नसतों. मग तो निरनिराळ्या हस्ताक्षरांत चिठ्ठ्या लिहून, जणूं त्या अनेक नागरिकांकडून आल्या आहेत अशा रीतीनें, ब्रूटसाच्या घरांत टाकण्याची व्यवस्था करितो. जो तोंडावर आपणांस आरसा दाखवितो तोच पाठीमागें आपल्या भोळेपणास हंसतो! पैशाची लांच ब्रूटसानें झिडकारली असती. परंतु ‘सारे लोक तुझ्याकडे पाहत आहेत’ ही जी लांच, ती त्याला लांच म्हणून ओळखतांच आली नाहीं.

दुसरी गोष्ट ही कीं, ब्रूटसानें निश्चय अगोदर केला आणि कारणें मागून शोधिलीं. रात्रीच्या वेळीं तो आपल्या बागेंत एकटा फिरत आहे. त्याच्या तोंडून जो पहिला विचार निघतो तो हाच कीं, सीझर मेलाच पाहिजे. त्यानंतर तो कारणांकडे वळतो. आणि तो प्रामाणिक असल्यामुळें आपणाशींच कबूल करितो कीं, माझें त्याच्याशीं स्वतःचें कांहीं वैर नाहीं, आणि त्याचे मनोविकार त्याच्या विवेकावर स्वार झालेले मीं कधीं पाहिले नाहींत. मग वध कशासाठीं? तर मुकुट मिळाल्यावर त्याचा स्वभाव कदाचित् बदलेल! आज तो जसा आहे त्यावरून आरोप उभा राहत नाहीं, म्हणून उद्यां तो जसा होईल त्यावरून उभा करूं. सापाचें पिलूं बाहेर येण्याआधीं अंडेंच ठेंचावें. त्याच वेळीं त्याचा चाकर पोरगा एक चिठ्ठी आणून देतो. तिच्यांत वाक्यें अर्धवट सोडलेलीं आहेत, आणि ब्रूटस तीं आपल्याच मनानें पुरीं करितो.

या चिठ्ठीकडे नीट लक्ष द्या. कॅशियसानें तिच्यांत रिकामी जागा ठेविली. ती कशानें भरावयाची हें ब्रूटसाच्या अंतःकरणानें ठरविलें. मोह घालणारा असाच वागतो. तो सर्व पाप आपल्या हातानें लिहीत नाहीं. अर्धें लिहितो, आणि उरलेलें आपल्याकडून लिहवून घेतो, म्हणजे आपणांस वाटतें कीं हा विचार माझ्याच सद्बुद्धीचा. आपल्या भाऊबंदकींत, आपल्या पंचांच्या बैठकींत, मंडळीच्या कमिटींतहि, ‘तो पुढें असें करील’ एवढ्याच शब्दावर किती मनुष्यांचा न्याय होऊन जातो! ज्यानें जें केलें नाहीं त्याबद्दल त्याला शिक्षा करणें हें न्यायाचें काम नव्हे. आणि उद्यांचें अंतःकरण पाहण्याचा अधिकार देवानें मनुष्यास दिलेला नाहीं.

तिसरी गोष्ट ही कीं, ब्रूटसाच्या मनानें त्याला सावध केलें होतें, परंतु त्यानें कृत्याचें नांव बदलून मनास गप्प बसविलें. कटांतील लोक टोप्या कानांपर्यंत ओढून, तोंडें झांकून रात्रीं त्याच्या दाराशीं येतात, तेव्हां तो स्वतःशींच म्हणतो कीं, कटाला रात्रींहि तोंड दाखविण्याची लाज वाटते, तर दिवसा तें लपविण्यास पुरेशी काळोखी गुहा कोठें मिळणार? मग तो उपाय सांगतो कीं, तें तोंड हास्यांत व गोडपणांत लपवावें! आपली पत्नी पोर्शिया हिलाहि तो काय चाललें आहे तें सांगत नाहीं. ती गुडघे टेकून विचारते तेव्हां कोठें मागून सांगण्याचें वचन देतो. ज्या कामाची गोष्ट घरच्या विश्वासू मनुष्यापुढें काढण्यास जीभ अडखळते, त्या कामाची पुन्हां परीक्षा केली पाहिजे. ब्रूटसानें ती केली नाहीं. उलट तो सोबत्यांस सांगतो कीं, आपण कसाई नव्हें, आपण यज्ञ करणारे होऊं. हा वध देवांस साजेल असा अर्पूं. नांव बदललें, रक्त तेंच राहिलें.

मग तो दिवस उजाडतो. सीझराची पत्नी काल्पुर्निया हिला वाईट स्वप्न पडलें आहे, आणि ती त्याला घराबाहेर जाऊं देत नाहीं. डीशियस नांवाचा कटवाला त्या स्वप्नाचा गोड अर्थ करून, आज सभा तुम्हांस मुकुट देणार असें सांगून, त्याचें मन फिरवितो. इतर कटवालेहि त्याला नेण्यास येतात. सीझर त्या सर्वांस मित्र समजून घरांत बोलावितो, कीं चला, माझ्याबरोबर थोडा द्राक्षारस घ्या, मग आपण मित्रांप्रमाणें मिळून जाऊं. तेव्हां मात्र ब्रूटसाचें काळीज चरकतें. ‘मित्रांप्रमाणें’ आणि ‘मित्र’ हे दोन शब्द एक नव्हेत, या विचारानें त्याला दुःख होतें. तथापि तो थांबत नाहीं. सभागृहांत, एका हद्दपार मनुष्याला माफी मागण्याच्या निमित्तानें सारे सीझराभोंवतीं गोळा होतात; ब्रूटस पुढें होऊन सीझराच्या हाताचें चुंबन घेतो; आणि क्षणभरानें खंजीर चालतात.

एकत्र घेतलेला पेला, आणि मग चुंबन! हें वाचून ख्रिस्ती मनुष्याच्या डोळ्यांपुढें दुसरी एक रात्र उभी राहिल्यावांचून राहत नाहीं. इटली देशाचा कवि दांते यानें इ. स. च्या १४ व्या शतकाच्या आरंभीं लिहिलेल्या आपल्या काव्यांत नरकाच्या अगदीं तळाशीं सैतानाच्या तीन तोंडांत तीन मनुष्य दाखविले आहेत: यहूदा इस्कर्योत, ब्रूटस आणि कॅशियस. शेक्सपियर इतका कठोर नाहीं. त्याच्या नाटकाच्या शेवटीं शत्रुपक्षाचा अँटनीच म्हणतो कीं, इतरांनीं मत्सरानें केलें, एकट्या ब्रूटसानें लोकहिताच्या बुद्धीनें केलें. यहूदाच्या पदरांत तीस रुपये होते, ब्रूटसाच्या पदरांत एक कवडीहि नव्हती. आणि सीझर कांहीं निष्पाप नव्हता. म्हणून आम्ही ब्रूटसास यहूदाच्या पंक्तीस बसवीत नाहीं. परंतु लोभ नसला म्हणजे विश्वासघात घडत नाहीं असें जे समजतात, त्यांनीं ब्रूटसाकडे पाहावें.

येथें कोणी असेंहि समजूं नये कीं, सीझराचा सूड घेणारे धर्मनिष्ठ होते. अँटनीचें सीझरावर खरें प्रेम होतें. पण त्याच प्रेमाचें त्यानें हत्यार केलें. तो खुनी लोकांचे रक्तानें भरलेले हात एकेक करून हातीं घेतो, आणि ते गेल्यावर प्रेताजवळ एकटा असतां देशांत भयंकर युद्ध पेटेल असें बोलतो. मग लोकांस मृत्युपत्र वाचून दाखवितो, कीं सीझरानें प्रत्येक नागरिकास ७५ द्राख्मे व सर्वांस आपल्या बागा दिल्या आहेत. लोक रडतात, खवळतात, घरें जाळण्यास धांवतात. थोड्याच वेळानें त्याच अँटनीस आपण पाहतों: तो तेंच मृत्युपत्र मागवितो, कशासाठीं? तर त्या देणग्यांपैकीं कांहीं कशा कापतां येतील हें पाहण्यासाठीं! ज्या कागदानें त्यानें गरिबांस रडविलें, त्याच कागदावर आतां त्याला कात्री चालवावयाची आहे. जो आपल्या भावना भडकवितो तो आपला कैवारी असतोच असें नाहीं.

आणि ब्रूटसाच्या यज्ञाचें फळ काय? तो लोकांस समजावून सांगतो कीं, सीझर महत्त्वाकांक्षी होता म्हणून मीं त्याला मारिलें. तेव्हां गर्दींतून आवाज येतो कीं, याच ब्रूटसास सीझर करा! ज्यांच्या स्वातंत्र्यासाठीं त्यानें मित्राचा जीव घेतला त्यांना स्वातंत्र्य म्हणजे काय हेंच कळलें नव्हतें. आणि खंजिरानें तें कळवितां येत नाहीं. लगेच खवळलेला जमाव सिन्ना नांवाच्या निरुपद्रवी कवीस गांठतो. तोच नांवाचा एक कटवाला होता. मी तो नव्हें, असें बिचारा ओरडून सांगतो, तरी नांवासाठींच त्याला फाडून टाकतात. पुढें अँटनी, ऑक्टेव्हियस व लेपिडस हे तिघे मारावयाच्या मनुष्यांची यादी करितात. लेपिडस आपल्या भावास व अँटनी आपल्या भाच्यास यादींत घालण्यास संमति देतो. सिसरो हा थोर वक्ता कटांत नव्हता, तोहि इ. स. पू. ४३ मध्यें मारला गेला. इकडे ब्रूटस कॅशियसावर रागावतो कीं, तूं लांच घेतोस, आणि मीं फौजेच्या पगारासाठीं तुझ्याकडे पैसे मागितले ते तूं दिले नाहींस. मला स्वतःला वाईट मार्गानें पैसा उभा करितां येत नाहीं. पाहा, ज्या हातांस घाण लागते तेच हात त्याला पैसे देण्यास पाहिजेत! स्वतःचें वस्त्र शुभ्र राहावें एवढीच ज्याला काळजी, त्याचा चिखल दुसऱ्या कोणास तुडवावा लागतो.

शेवटीं इ. स. पू. ४२ मध्यें फिलिप्पै येथें लढाई झाली. ज्या तलवारीनें सीझरास भोंसकलें तीच कॅशियसानें चाकराकडून आपल्या छातींत घालून घेतली. आणि ब्रूटस स्वतःच्या तलवारीवर पडून मेला. राजा नको म्हणून हें सारें झालें. परंतु सीझराचा दत्तक पुत्र ऑक्टेव्हियस याला इ. स. पू. २७ मध्यें औगुस्त ही पदवी मिळाली, आणि तो रोमचा पहिला सम्राट् झाला. आरंभीं सांगितलेला, नांवनिशी करविणारा कैसर तो हाच. एक कैसर मारिला, आणि त्याच्या मागें कैसरांची रांग उभी राहिली.

तर मग जुलुम होण्याचा संभव दिसत असतां स्वस्थ बसावें काय? नाहीं. येथें दावीदाची आठवण करा. शौल राजा त्याच्या जिवावर उठला होता. आणि एन-गेदीच्या गुहेंत तो आपोआप दावीदाच्या हातीं सांपडला. सोबती म्हणाले कीं, हा देवानेंच दिलेला दिवस आहे. प्रत्येक कटांत हें वाक्य बोलणारा कोणी तरी असतो. दावीदानें राजाच्या झग्याचा कांठ तेवढा कापला, आणि त्याबद्दलहि त्याचें मन त्याला खाऊं लागलें. मग तो गुहेबाहेर येऊन, राजाला हांक मारून, आपलें गाऱ्हाणें उजेडांत मोठ्यानें बोलला. पुढें दावीद स्वतः राजा होऊन पापांत पडला, तेव्हां नाथान संदेष्ट्यानें कट केला नाहीं. त्याच्यासमोर उभें राहून दोष त्याच्या पदरीं घातला.

ब्रूटसास हें करितां आलें नसतें काय? सबंध नाटकांत कोणी ज्योतिषी, कोणी पंडित सीझरास सावध करण्यास धडपडतो. परंतु सीझर ज्याच्यावर प्रीति करितो तो ब्रूटस त्याच्याजवळ जाऊन एकदांहि म्हणत नाहीं कीं, मुकुट घेऊं नका, मला भय वाटतें. सीझरानें ऐकलें असतें कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. गर्विष्ठ मनुष्य सहसा ऐकत नाहीं. परंतु ज्याच्यासाठीं पुढचें दार उघडें होतें तो मागच्या दारानें खंजीर घेऊन गेला, हाच त्याचा विश्वासघात. द्वेष करणाऱ्यास सत्य बोलण्याची संधि क्वचित् मिळते. मित्रास ती रोज असते. म्हणून मित्राचें मौन हेंच पुष्कळदां पहिली फितुरी होतें, आणि खंजीर मागून येतो. कोणाविषयीं आपल्या मनांत भय किंवा संशय असेल, तर बंधूंनो, प्रथम त्याच्याकडे जा. प्रभूनेंहि अपराधी भावाविषयीं हाच क्रम सांगितला आहे: आधीं तूं आणि तो, एकांतीं, मग एक दोघे साक्षी, आणि मग मंडळी. सर्वांशीं बोलून झाल्यावर ज्याच्याविषयीं बोललों त्याच्याकडे शेवटीं जाणें, हा ब्रूटसाचा क्रम आहे.

ब्रूटस जेथें मेला त्या फिलिप्पैची गोष्ट तेथेंच संपली नाहीं. लढाईनंतर त्या नगरांत जुन्या रोमन शिपायांची वसाहत झाली. सुमारें नव्वद वर्षांनीं पौल व सीला तेथें आले, फटके खाऊन बंदिशाळेंत पडले. रात्रीं भूमिकंप होऊन दारें उघडलीं, आणि कैदी पळाले असें समजून बंदिशाळेच्या नायकानें आपणांस मारण्यासाठीं तलवार उपसली. ज्या नगराजवळ कॅशियस व ब्रूटस यांच्या तलवारी कोणी अडविल्या नाहींत, तेथें एका कैद्यानें ओरडून ही तलवार अडविली. दार उघडें असून तो पळाला नव्हता. सकाळीं अधिकाऱ्यांनीं निरोप धाडिला कीं, गुपचूप निघून जा. तेव्हां पौल म्हणाला कीं, आम्हां रोमन नागरिकांस चौकशीवांचून चारचौघांत मारिलें, आतां चोरून काढून देतां काय? स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्या. अधिकाऱ्यांच्या अन्यायापुढें तो गप्प बसला नाहीं, आणि त्यानें कोणाविरुद्ध कटहि केला नाहीं. पुढें त्याच नगराच्या मंडळीस लिहितांना त्यानें विनविलें कीं, तट पाडण्याच्या बुद्धीनें व पोकळ अभिमानानें कांहीं करूं नका. ब्रूटसाच्या घरांत पडलेल्या चिठ्ठ्या एका बाजूस ठेवा, आणि फिलिप्पै येथील मंडळीपुढें उघडपणें वाचलेलें हें पत्र दुसऱ्या बाजूस ठेवा. मग आपल्या दाराखालून आलेली चिठ्ठी पुरी करण्याआधीं ती कोणत्या बाजूची आहे हें प्रत्येकानें देवासमोर ठरवावें.